नंबर सायकलीच्या पोटाखाली असतो

एका वाचकाचे पत्र:

'माझी मुलगी नववीला आहे. गावापासून चार किलोमीटरवरच्या हायस्कूलला ती सायकलने जाते. सायकल मागच्या वर्षी मानव विकासच्या पैशातून घेतली, थोडे पदरचे घातले. गेल्या बाजाराच्या दिवशी शाळेच्या भिंतीबाहेर लावलेली सायकल गेली. मागच्या चाकाचं कुलूप लावलेलं होतं. ठाण्यात गेलो तर विचारलं, बिल कुठंय, नंबर काय. दोन्ही नव्हतं. जांभळा रंग, पुढं जाळी, एवढंच सांगता आलं. त्यांनी "हरवली" असं लिहून घेतलं. तीन दिवसांनी शेजारच्या तालुक्याच्या बाजारात एका माणसाजवळ तशीच सायकल दिसली. पण आपलीच आहे हे सांगणार कसं, म्हणून गुमान परत आलो. ही सायकल मिळायची काही आशा आहे का? आता दुसरी घ्यावी लागेल, तर तिचं काय काय लिहून ठेवावं? लेक म्हणते, सायकलवर मोठ्ठं नाव रंगवून घेऊ. घ्यावं का?'
— एक पालक, जालना जिल्हा

भाऊ, आशा आहे. पण त्यासाठी या आठवड्यात तीन ठिकाणी जावे लागेल: आधी शाळेत, मग जिथून सायकल घेतली त्या दुकानात, आणि हातात कागद आले की पुन्हा ठाण्यात. क्रम हाच ठेवा, कारण पहिल्या दोन ठिकाणांहून जे मिळेल त्यावरच तिसऱ्या ठिकाणचे काम होणार आहे.

मोटारसायकल चोरीला गेली तर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरटीओच्या दप्तरात असतात. सायकल मोटार वाहन कायद्यात येत नाही, म्हणून तिला आरसी बुक नाही. पूर्वी नगरपालिका कर घेऊन सायकलीला पत्र्याचा बिल्ला देत. त्या निमित्ताने कुठल्या तरी वहीत तिची नोंद राहत असे. ती पद्धतही गेली. आज सायकल कोणाची हे सांगणारी सरकारी वही नाही, ती मालकानेच ठेवायची. सायकलचोर सापडतो तेव्हा पुष्कळदा त्याच्याकडून एक नाही, पाच-दहा सायकली निघतात. त्या ठाण्याच्या आवारात येतात, पंचनाम्यात त्यांच्या सांगाड्यावर ठोकलेले नंबर, म्हणजे फ्रेम नंबर, लिहिले जातात, आणि तो नंबर कोणाच्या तक्रारीत आहे का हे बघितले जाते. तक्रारीत नुसते 'जांभळी सायकल, पुढे जाळी' असेल तर जुळवायचे कशाशी? जाळी तर चोर पहिल्याच दिवशी काढून टाकतो.

तुमच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. मानव विकास या सरकारी कार्यक्रमातून मुलीला सायकलीसाठी जे ५,००० रुपये मिळतात, ते सगळे एकदम हातात येत नाहीत. काही रक्कम आधी जमा होते आणि उरलेली सायकल घेतल्याची पावती शाळेत दिल्यावर. म्हणजे पावतीची प्रत शाळेच्या फाइलीत असली पाहिजे. मुख्याध्यापकांना किंवा कारकुनांना साधा अर्ज द्या, झेरॉक्स मागा, तिच्यावर 'मूळ प्रतीवरून' असा शेरा, सही आणि शिक्का घ्या. पावतीवर फ्रेम नंबर लिहिलेला असेल तर अर्धे काम झाले. नसेल तर त्याच पावतीचा नंबर आणि तारीख घेऊन दुकानात जा. बिलबुकाची कार्बन प्रत दुकानदाराकडे असते. काही दुकानदार मालाच्या नोंदीतही नंबर लिहितात. वॉरंटी कार्डाचा अर्धा भाग त्यांच्याकडे राहिलेला असतो, तोही बघायला सांगा. पासबुकात अनुदान जमा झाल्याची तारीख आहे, त्या पानाची झेरॉक्स काढा. शाळेत सायकलीसह मुलींचा फोटो काढला असेल तर तो मिळवा. घरातल्या मोबाइलमध्ये वाढदिवसाचा, पोळ्याचा, कसलाही फोटो असेल ज्यात मागे सायकल उभी आहे, तो बाजूला काढा.

आणि पंक्चरवाल्याला विसरू नका. ज्याने वर्षभर ती सायकल दुरुस्त केली त्याला तिच्या खुणा मालकापेक्षा जास्त माहीत असतात. कॅरियरची उजवी पट्टी वेल्डिंग केलेली, डावे पायडल वेगळ्या कंपनीचे, मागच्या रिममध्ये दोन तारा नव्या, स्टँडची स्प्रिंग दुसऱ्या सायकलीची. या गोष्टी त्याला विचारून आजच कागदावर उतरवा. नंबर मिळालाच नाही तर ओळख पटवायला याच खुणा कामी येणार आहेत, आणि त्या सायकल सापडण्याआधी लिहिलेल्या असतील तरच त्यांना वजन राहते.

आता ठाणे. 'हरवली' आणि 'चोरीला गेली' या दोन नोंदींत फार अंतर आहे. वस्तू हरवल्याची नोंद ही फक्त तुम्ही कळवले याची पोच असते, तिच्यावरून तपास होत नाही. पोलिसांच्या संकेतस्थळावर वस्तू हरवल्याची नोंद करून मिळणाऱ्या कागदाचेही तसेच. कुलूप लावलेली सायकल हरवत नसते. म्हणून नवा लेखी अर्ज द्या आणि त्यात आधीच्या नोंदीचा क्रमांक घालून ती चोरी असल्याचे स्पष्ट लिहा. मजकूर असा धरा:

'माझ्या मुलीच्या वापरातील अमुक कंपनीची, अमुक मॉडेलची, २४ इंची, जांभळ्या रंगाची लेडीज सायकल, फ्रेम नंबर अमुक, बिल क्रमांक व दिनांक अमुक, बिलाची रक्कम अमुक रुपये, ही दिनांक अमुक रोजी सकाळी १० वाजता शाळेच्या पूर्वेकडील भिंतीलगत मागील चाकास कुलूप लावून उभी केली होती. दुपारी पावणेपाच वाजता ती जागेवर दिसून आली नाही. कोणीतरी अज्ञात इसमाने ती माझ्या संमतीशिवाय लबाडीच्या इराद्याने चोरून नेली आहे. सायकलीवरील खुणा पुढीलप्रमाणे.'

मग खुणा लिहा. शेवटी दोन ओळी अशा: कुलपाची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, सायकल समोर आल्यास मी ती ओळखू शकेन. कंपनी, मॉडेल, चाकाचे माप आणि रंग हे चारही लिहा. 'लेडीबर्ड' हा शब्द आपल्याकडे मुलींच्या कोणत्याही सायकलीला वापरतात, पण ते एकाच कंपनीच्या सायकलींचे नाव आहे. सायकल दुसऱ्या कंपनीची असेल आणि अर्जात लेडीबर्ड पडले, तर पुढे तीच चूक तुमच्या विरोधात उभी राहते.

कायद्यातली एक रेषा तुम्हाला माहीत असायला हवी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३(२) मध्ये चोरीची शिक्षा आहे. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे पोलिस एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतात, आणि तपास करायचा तर न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. ५,००० किंवा त्याहून जास्त किंमत असेल तर गुन्हा दखलपात्र, एफआयआर व्हायला हवा. गावाकडच्या बहुतेक सायकली या रेषेच्या अगदी आसपास असतात, त्यामुळे बिलाचा कागद इथे नुसता पुरावा राहत नाही. तुमच्या तक्रारीला कोणती वाट मिळणार हेच तो ठरवतो. किंमत फुगवू नका. बिलात जी रक्कम आहे ती लिहा आणि बिल जोडा. जाळी, कुलूप, सीट कव्हर वेगळे घेतले असेल तर त्यांच्या किमती वेगळ्या ओळीत लिहा, कारण तेही चोरीला गेले आहे. आणि सायकल राहत्या घराच्या आतून, पडवीच्या खोलीतून नेली असती तर कलम ३०५ लागले असते. घरातल्या चोरीसाठी ते वेगळे कलम आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणून सायकल नेमकी कुठे उभी होती ते वाक्य अर्जात काळजीपूर्वक लिहायचे.

एनसी झाली तरी हिरमुसू नका. ठाण्यातल्या नोंदीचा क्रमांक आणि प्रत घ्या. पुढे चोर दुसऱ्याच गुन्ह्यात सापडला आणि त्याच्याकडे सायकली निघाल्या, तर तुमच्यापर्यंत पोचणारा धागा तोच आहे. एफआयआर झाला तर त्याची प्रत फिर्यादीला मोफत देणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलिस तपास आणि खटल्याच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम १७३ प्रमाणे बंधनकारक आहे. दखलपात्र गुन्हा असूनही नोंद घेतली नाही, तर त्याच कलमात पुढची वाट आहे: तक्रार लिहून पोलिस अधीक्षकांना पोस्टाने पाठवायची, तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोस्टाची पावती जपून ठेवा. ज्यांची सायकल रेल्वे स्थानकाच्या आवारातून जाते, त्यांनी हेही लक्षात घ्यावे की ती हद्द लोहमार्ग पोलिसांची. जालना, परतूर, सेलू, परभणी या पट्ट्यात रेल्वेने ये-जा करणारे पुष्कळ आहेत. हद्द आपली नाही असे कोणी म्हणाले तरी कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, मग तो योग्य ठाण्याकडे पाठवला जातो.

शाळेसमोरच्या दुकानात कॅमेरा असेल तर त्याचे काम सगळ्यात आधी. चित्रण साठवायची डिस्क भरली की यंत्र जुने पुसून त्यावर नवे लिहिते. किती दिवसांनी, हे डिस्कच्या मापावर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर असते. कुठे आठवड्यात पुसले जाते, कुठे महिन्यात. दुकानदाराला तारीख आणि वेळ सांगून तेवढा तुकडा पेन ड्राइव्हवर काढून ठेवायला सांगा आणि अर्जात लिहा की अमुक ठिकाणी कॅमेरा आहे.

बाजारात दिसलेल्या सायकलीबद्दल. तुम्ही हात घातला नाहीत ते बरेच केले. तिथे सायकल धरली की माणूस गोळा होतो, वाद वाढतो, आणि ज्याच्या हातात ती आहे त्याने ती कोणाकडून तरी पैसे देऊनच घेतलेली असू शकते. पुन्हा दिसली तर लांबून फोटो घ्या, जागा बघून ठेवा, ११२ ला किंवा तिथल्या ठाण्याला फोन करा. पोलिस आले की सायकलीला हात लावायच्या आधी खुणा सांगा. 'बीबीखाली (पायडलमधल्या आडव्या नळीखाली) नंबर अमुक, कॅरियरची उजवी पट्टी वेल्डिंगची' असे आधी बोला, मगच ती उलटी करा. आधी बघून मग सांगितलेली खूण कोणीही सांगू शकतो. दुसरी किल्ली बरोबर न्या. जुने कुलूप सायकलीवर असेल आणि तुमच्या किल्लीने उघडले तर पंचांसमोर ती गोष्ट फार बोलकी ठरते. आणि पाचशे-हजार देऊन आपलीच सायकल परत विकत घ्यायचा मोह टाळा. चोरीचा माल आहे हे माहीत असून लबाडीने घेणे हा गुन्हा आहे (न्याय संहितेचे कलम ३१७), तसा संशय तुमच्यावर यायला नको. शिवाय त्या व्यवहाराने पुढचा माग तिथेच तुटतो.

महिन्यातून एकदा आपल्या आणि शेजारच्या दोन-तीन ठाण्यांत मुद्देमाल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला भेटा. चोरलेली सायकल गावातच विकली जात नाही, ओळखीचे डोळे असतात. ती तालुका ओलांडते, तुमच्याकडे तर जिल्ह्याची हद्दही जवळच. अधीक्षक कार्यालयातल्या स्थानिक गुन्हे शाखेलाही अर्जाची प्रत द्या, कारण अनेक ठाण्यांच्या हद्दीतल्या चोऱ्या तिथे एकत्र येतात. जप्त मालाचा मालक सापडत नाही तेव्हा न्यायदंडाधिकारी जाहीरनामा काढतात आणि हक्क सांगायला सहा महिन्यांची मुदत असते. त्यानंतर माल सरकारजमा, मग लिलाव. सहा महिने ऐकायला लांब वाटतात, पण जाहीरनामा तुमच्या दारात येऊन कोणी वाचणार नाही. सायकल सापडली की ती तुम्हाला थेट ठाण्यातून नाही, न्यायालयाच्या आदेशाने सुपुर्दनाम्यावर मिळते. बिल, ओळखपत्र आणि बंधपत्र लागते. खटला संपेपर्यंत ती विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावले तर हजर करायची. जप्त वाहने ठाण्यात सडत ठेवू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले आहे, म्हणून लवकर अर्ज करायला संकोच करू नका.

आता नवी सायकल. तिची नोंद दुकानातच सुरू होते, घरी आल्यावर नाही. सायकली दुकानात सुट्या येतात आणि मिस्त्री त्या जोडतो. खोक्यावरचा नंबर बघून बिल फाडले आणि जोडताना फ्रेम दुसऱ्या खोक्यातली गेली, तर बिलावर एक नंबर आणि सायकलीवर दुसरा, असे होऊन बसते. हे दोन वर्षांनी ठाण्यात कळण्यापेक्षा दुकानात कळलेले बरे. म्हणून सायकल उलटी करायला लावा, नंबर स्वतः वाचा, आणि तोच बिलावर दुकानदाराच्या हाताने लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानू नका. पक्के बिल, त्यावर मुलीचे किंवा तुमचे नाव, कंपनी, मॉडेल, रंग, माप, फ्रेम नंबर, तारीख, शिक्का. छोट्या मशीनमधून निघालेले गुळगुळीत कागदाचे बिल असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. त्या कागदावरची अक्षरे उष्णतेने उमटलेली असतात आणि उष्णतेनेच जातात. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत ठेवलेले असे बिल पुढच्या वर्षी कोरे निघाले तर नवल नाही.

नंबर कुठे असतो? बहुतेक सायकलींत पायडलचे दोन्ही दांडे जोडणारा आस ज्या आडव्या नळीतून आरपार जातो, त्या नळीच्या खालच्या बाजूला. मिस्त्री तिला बीबी म्हणतात. जुन्या काळ्या साध्या सायकलीत तो सीटच्या नळीच्या वरच्या टोकाला, सीटच्या खाली मिळतो. काहींत हँडलखालच्या उभ्या नळीवर, तर काहींत मागच्या चाकाच्या नटाजवळच्या पट्टीवर. क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर), रिमवर, चिमट्यावर (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यावर) जे आकडे दिसतात ते सुट्या भागांचे असतात, ते नंबर म्हणून लिहू नका. बारकोडचा कागद म्हणजेही नंबर नव्हे, तो दोन पावसाळ्यांत निघून जातो.

वापरात असलेल्या सायकलीचा नंबर वाचायचा तर थोडी खटपट आहे. आपली काळी माती बीबीखाली सिमेंटसारखी बसते. जमिनीवर पोते टाका, सीट आणि हँडलवर सायकल उलटी ठेवा, ओल्या फडक्याने माती भिजवा, मग जुन्या टूथब्रशला थोडे डिझेल लावून घासा. पॉलिश पेपर किंवा चाकू लावू नका; रंग गेला की गंज, आणि गंजात नंबर. अक्षरे रंगाने बुजलेली असतील तर विजेरी समोरून न मारता बाजूने, तिरपी धरा, खळग्यांत सावली पडते आणि आकडे उठून दिसतात. तरीही नाही वाचता आले तर पातळ कागद घट्ट धरून वरून शिसपेन्सिल आडवी घासा. गाडीच्या कर्जाच्या वेळी चेसिस नंबरचा छाप घेतात तसाच हा छाप. तो कागद फेकू नका, तारीख घालून बिलाला टाचा. हाताने लिहिलेल्या आकड्यापेक्षा तो जास्त खात्रीचा आहे, कारण त्यात ठोकलेल्या अक्षरांचे वळण आणि वाकडेपणाही उतरतो. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने लिहायचे, मग उलट. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय, आठ आणि बी, पाच आणि एस यांत हमखास गफलत होते. आधीची अक्षरे, मधली मोकळी जागा, सगळे जसेच्या तसे उतरवा.

फोटो पाच पुरेत: चेनच्या बाजूने पूर्ण सायकल, दुसऱ्या बाजूने पूर्ण, नंबर जवळून, नंबर आणि सायकलीचा अर्धा भाग एकाच चौकटीत, आणि मुलगी सायकलीसह. चौथा लोक घेत नाहीत, पण तोच महत्त्वाचा. नुसत्या नंबरचा फोटो कुठल्याही सायकलीचा असू शकतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जाऊन बारीक अक्षरे पुसट होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घरातल्या दोघांना आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा, कारण मोबाइलही चोरीला जातो, पाण्यात पडतो. शिवाय एक रंगीत छापील प्रत रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. घरात जी पिशवी कधी हरवत नाही ती तीच.

आता स्वतःची खूण. भांड्याच्या दुकानात स्टीलच्या डब्यांवर नाव घालणारे मशीन असते, त्याने लोखंडी सायकलीवर सुंदर काम होते. बीबीच्या नळीवर, सीटच्या दांड्याच्या आत जाणाऱ्या भागावर आणि क्रँकच्या मागच्या बाजूला, अशा तीन जागी घालून घ्या. वर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, गंज धरत नाही. हातोडी आणि नंबर पंचने ठोकायचे असेल तर फक्त बीबीच्या जाड नळीवर, कंपनीच्या नंबरापासून लांब. फ्रेमच्या पातळ नळ्यांवर ठोकले तर पोचा पडतो आणि तिथून नळी कमकुवत होते. चिमट्यावर तर कधीच नको. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर पंच वापरूच नका. काय घालावे? मोबाइल नंबर बदलतो. आधार नंबर उघड्यावर लिहायची वस्तू नाही. पिनकोडचे सहा आकडे आणि पुढे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधला तुमचा मिळकत क्रमांक घाला. तो घरपट्टीच्या पावतीवर असतो. एवढ्यावरून कोणताही पोलिस तुमच्या घरापर्यंत पोचतो, आणि रस्त्यावरच्या माणसाला त्यातून काही कळत नाही.

एक लपवलेली चिठ्ठीही ठेवा. सीटचा दांडा काढा, नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दांड्याच्या पोकळीत घाला आणि खालून एम-सील लावून तोंड बंद करा. सीटच्या नळीत नुसती टाकू नका. ती घसरत बीबीत जाते, छर्‍यांच्या ग्रीसमध्ये अडकते आणि सायकल जड चालते. दांडा परत बसवताना त्यावरच्या मर्यादेच्या खुणेपर्यंत आत गेला पाहिजे.

चोराने नंबर घासला तर सगळे संपले असे नाही. ठोकताना आकड्याखालचे लोखंड खोलवर दाबले जाते. वरचा भाग घासला तरी ती दाबलेली जागा रसायनाने पुन्हा उठवता येते, न्यायसहायक प्रयोगशाळा हे करते. एका सायकलीसाठी ही यंत्रणा क्वचितच हलते हे खरे. पण घासलेली बीबी स्वतःच संशयाला पुरेशी आहे. म्हणूनच जुनी सायकल विकत घेताना आधी तिथे बोट फिरवा. बाकी सायकल मळकी आणि बीबीखाली तेवढाच ताजा रंग, किंवा कानशीचे ओरखडे, तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.

हे लातूरला शिकवणीला मुले पाठवणाऱ्या पालकांना खास सांगायचे आहे. तिथे सायकली दरवर्षी हातोहात फिरतात. परीक्षा झाली की जाणारा मुलगा येणाऱ्याला देऊन जातो, कागद काहीच नाही. अशी सायकल चोरीला गेली तर तक्रारदार स्वतःचा हक्क दाखवू शकत नाही. वहीच्या पानावर पाच ओळी पुरतात: विकणारा, घेणारा, फ्रेम नंबर, रक्कम, तारीख, आणि खाली दोघांच्या सह्या. मूळ बिल असेल तर ते सोबत, नसेल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो.

शाळेचेही एक काम आहे, आणि ते मुख्याध्यापकांशी तुम्हीच बोला. एक दोनशे पानी वही: अनुक्रमांक, विद्यार्थी, वर्ग, कंपनी आणि मॉडेल, माप, रंग, फ्रेम नंबर, खूण, पालकाचा फोन, तारीख. नववी-दहावीच्या मुलांच्या जोड्या केल्या तर एका सायकलीला तीन-चार मिनिटे लागतात. साठ सायकली दोन दुपारच्या कार्यानुभवाच्या तासांत होतात. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात, झेरॉक्स गावच्या पोलिस पाटलांकडे. दर जूनमध्ये नवी नावे, गेलेल्यांच्या नावापुढे सायकल कोणाला दिली ते. फोन नंबरांचा रकाना भिंतीवर लावायचा नाही. चोरी झाली की त्या एका सायकलीचा नंबर तेवढा आसपासच्या पंक्चरवाल्यांना आणि भंगारवाल्यांना कळवायचा.

कुलपाबद्दल थोडेच. मागच्या चाकाचे कुलूप चाक फिरू देत नाही, पण सायकल उचलून टेम्पोत टाकायला आडकाठी करत नाही. तिला साखळीने खिळवा: साखळी फ्रेममधून आणि मागच्या चाकातून काढून खांबाला किंवा खिडकीच्या गजाला. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर वजन टाकले की ती तुटते. प्लॅस्टिकच्या आवरणातली वायर पकडीनेही तुटते. शाळेने भिंतीच्या आत जमिनीत पुरलेला एक आडवा पाइप करून दिला, तर बाजाराच्या दिवशी निम्मी काळजी मिटेल.

लेकीला सांगा, मोठे नाव नको. मुलीचे नाव आणि गाव सायकलीवर रंगवले की रस्त्यावर कोणीही तिला नावाने हाक मारू शकतो. त्याऐवजी तिच्या पसंतीचा दुसरा रंग घ्या, ऑइल पेंटची छोटी डबी, आणि मागच्या मडगार्डवर, पुढच्या चिमट्याच्या एका पायावर आणि कॅरियरखाली तीन बोटे रुंद पट्टा मारा. जांभळ्या सायकलींच्या रांगेत पिवळा पट्टा लांबून ओळखू येतो. पट्टा सुकला की सायकलीचा मागून एक फोटो काढा, आणि आधीच्या पाचांत ठेवून द्या.